रामटेके बाईंचा कागद

काही माणसं नवी गोष्ट कळली की ती पदराच्या गाठीत बांधून ठेवतात. रामटेके बाईंचं उलट होतं. काही कळलं की त्या बेचैन होत, आणि ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय त्यांना डबा गोड लागत नसे. तुरीची डाळ लवकर कशी शिजते, रेशनच्या दुकानात कोणत्या वारी गर्दी नसते, इस्त्रीची जळलेली तार घरच्या घरी कशी बदलायची, सगळं त्या समोरच्याला हातचं न राखता सांगत. फक्त एका बाबतीत पक्क्या कंजूष. त्यांच्या चष्म्याच्या डबीत चष्मा कधीच नसायचा, पिवळ्या मुठीचा एक बारीक पेचकस असायचा. तो त्यांनी कोणाला दिल्याचं मी पाहिलं नाही. एकदा टाइपरायटरचा स्क्रू आवळायला मी मागितला, तर म्हणाल्या, "स्क्रू मी येऊन आवळून देते वं शोभा. पेचकस नाही देत. सांगितलेली गोष्ट माझ्यापाशी राहते, दिलेला पेचकस राहत नाही."

नागपुरातल्या एका मुलींच्या कॉलेजात मी ऑफिसात टायपिस्ट होते आणि बाई फिजिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक. उंच, सडपातळ, खळ घातलेली सुती साडी, आणि चालणं असं की कॉरिडॉरमध्ये नुसत्या चपलांच्या आवाजावरून मुली गप्प व्हायच्या. बोलणं मात्र अस्सल नागपुरी. "काहून वं, वायर उलटी लावून राहिली," असं त्या म्हणाल्या की मुलींना भीतीपेक्षा हसू यायचं. शुद्ध पुस्तकी मराठी त्या एकाच वेळी बोलत, रागावल्या की. पहिल्यांदा "कृपया" हा शब्द ऐकला तेव्हा मला वाटलं, बाई खुशीत आहेत. शेजारच्या शिपायानं मला बाजूला ओढलं.

त्यांचे वडील गिरणीत होते. छप्पन साली घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा बाई दुसरीत होत्या. वडलांना रेडिओ दुरुस्तीची फार हौस. सुटीच्या दिवशी ते गांधीबागेतल्या एका मिस्त्रीच्या दुकानासमोर जाऊन उभे राहत. मिस्त्री बोलायचा चांगला, पण मुख्य काम आलं की पाठ फिरवायचा. यांना फक्त त्याचा सदरा दिसायचा. शेवटी वडलांनी कबाडातून एक मोडका सेट आणला आणि तो उघडून, जोडून, पुन्हा उघडून स्वतःच शिकले. नंतर वस्तीतले रेडिओ ते दारासमोर बाज टाकून दुरुस्त करायचे, कोणीही येऊन पाहावं. "माहा बाप म्हणे," बाई सांगायच्या, "जो पाठ करून काम करते, त्याले स्वतःच्या हातावर भरोसा नसते."

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर आला. आजच्या लोकांना तो दाखवला तर ते विचारतील, बाकीचा कुठे आहे? जाड कीबोर्डसारखी एक काळी पेटी, ती टीव्हीला जोडायची. त्याला खोली दिली, पडदे लावले, चपला बाहेर. त्या यंत्राला स्वतःची आठवण नव्हती. वीज गेली की सगळं पुसलं जायचं, आणि नागपुरात वीज जायचीच. म्हणून त्याचे प्रोग्राम गाण्याच्या असतात तसल्याच कॅसेटवर साठवलेले होते. सोबत आलेल्या टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट लावायची, वायर जोडायची, आणि तीन-चार मिनिटं किरर्र असा आवाज झाला की प्रोग्राम पेटीत उतरायचा.

पहिल्याच उन्हाळ्यात तो टेपरेकॉर्डर बंद पडला. त्याचा सुटा भाग मिळेना. पत्रांवर पत्रं गेली, ती मीच टाइप केली. कॉम्प्युटरवर झाकण पडलं, झाकणावर कोणीतरी प्लॅस्टिकच्या फुलांची कुंडी ठेवली. ज्या मुलींनी नावं घातली होती त्या रोज येऊन खिडकीतून पाहून जात.

बाईंना ती कुंडी खुपत होती. त्यांच्या भावाकडे आखाती देशातून आलेला, हातात मावेल एवढा कॅसेटचा छोटा टेप होता, कानात बोंडं घालून ऐकायचा. एके दिवशी बाई तो पर्समधून घेऊन आल्या. वायर जोडली, कॅसेट लावली. यंत्र ढिम्म. छोट्या टेपचा आवाज त्याला ऐकूच जात नव्हता. मग बाईंनी प्रोग्रामची कॅसेट त्या टेपवर लावून, बोंडं कानात घालून स्वतःच ऐकायला सुरुवात केली. मधल्या सुटीत मी डबा घेऊन जाई तेव्हा या डोळे मिटून ती किरकिर ऐकत बसलेल्या असत, चेहऱ्यावर गाणं ऐकल्याचा भाव.

"काय ऐकून राहिल्या बाई?"

"ऐक वं. इथपर्यंत कसं साफ आहे, आन् इथून कसं चिरकलं. टेपचं डोकं, म्हणजे हेड, तिरपं आहे." पेचकसानं त्यांनी आतला एक स्क्रू केसभर फिरवला. "आता ऐक."

मला दोन्ही वेळा सारखंच ऐकू आलं. मी मान डोलावली.

पंधरा-वीस दिवस त्या लागून राहिल्या. बारीक आवाज मोठा करणारी जोडणी त्यांनी साबणाच्या डबीत बसवली. डबीच्या एका बाजूनं टेपची वायर शिरे, दुसऱ्या बाजूनं कॉम्प्युटरची निघे. शिवाय त्यांनी एक दीड पानी प्रोग्राम लिहिला, तो मात्र वीज आली की पेटीत हातानं टाइप करायचा. आधी कॅसेट मध्येच एका ठिकाणी चुकली की सगळं पहिल्यापासून करावं लागे. बाईंच्या प्रोग्राममुळे कॅसेटवरचा मजकूर लहान लहान तुकड्यांत वाचला जायचा आणि चुकलेल्या तुकड्याचा नंबर टीव्हीवर यायचा. तेवढाच परत लावायचा. ज्या दिवशी ते जमलं त्या दिवशी मुलींनी खोलीत एवढा गलका केला की प्राचार्य स्वतः उठून आले, आणि चपला बाहेर काढायच्या विसरले.

दुसरं कोणी असतं तर ते इथे थांबलं असतं. बाई दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलापाशी हजर. हातात चौकडीच्या वहीची पानं, काखेत इतवारीतून स्वतः आणलेला कागदाचा गठ्ठा.

"शोभा, याचं स्टेन्सिल काप. जिल्ह्यात किती शाळा-कॉलेजात हे यंत्र झाकून पडलं असन. त्यायले पाठवू."

सायक्लोस्टाइलवर प्रती काढायचं ते स्टेन्सिल टाइप करताना मला घाम फुटला. प्रोग्राम इंग्रजी मशीनवर, सूचना मराठी मशीनवर, आणि कागद एकच. एका मशीनवरून काढून दुसऱ्यावर चढवताना ओळी सरकायच्या. चुकलेल्या अक्षरावर लाल औषध लावून फुंकर मारत बसायचं. शेवटी कागद तयार झाला. वर डबीची आकृती, खाली प्रोग्राम, त्याखाली कोणता टेप असेल तर आवाजाचं बटन कितीवर ठेवायचं याचा तक्ता. आणि सगळ्यात खाली बाईंनी एक ओळ घालायला लावली: हा कागद कोणीही वापरावा, उतरवून घ्यावा, दुसऱ्याला द्यावा. चूक सापडल्यास किंवा सुधारणा सुचल्यास पोस्टकार्ड टाकावे.

आठवड्याभरात पोस्टकार्डं आली. प्रोग्राम चालत नाही. उमरेडचे एक शिक्षक, घराणं हातमागावरचं, त्यांनी नेमकं लिहिलं होतं की सातव्या ओळीत दोन टिंबांऐवजी टिंब आणि स्वल्पविराम पडला आहे. तो मी पाडला होता. सगळ्या गावांमधली सगळी यंत्रं माझ्या एका बोटामुळे अडली होती. मी रडवेली होऊन प्रयोगशाळेत गेले. बाईंनी कार्ड वाचलं, आणि शिपायाला आलूबोंडे आणायला पाठवलं.

"बाई, चूक झाली माझी."

"चूक तुही नाही, कागदाची आहे. आन् कागद दुरुस्त होते. अवं, आनंदाची गोष्ट आहे. त्या मास्तरनं सातवी ओळ वाचली! म्हणजे सहा ओळी समजून वाचल्या."

दुरुस्त कागदावर खाली छापलं: सातव्या ओळीतील चूक दाखवणारे, आणि त्या शिक्षकांचं नाव, गाव. पुढे हे वाढतच गेलं. भंडाऱ्याहून कोणी लिहिलं की अमुक टेपला आवाज सहावर ठेवला तर चालतं. वर्ध्याच्या एका बाईंनी वायरीचं टोक उलटं जोडलं तरी डबी जळू नये अशी युक्ती पाठवली. आमच्याच कॉलेजातली एक मुलगी, वर्गात तोंड न उघडणारी, तिनं प्रोग्राम चार ओळींनी लहान करून दाखवला. बाईंनी तिचंही नाव छापलं. मुलीचे वडील तो कागद फ्रेम करायला घेऊन गेले. कागद वाढून तीन पानी झाला, आणि खालची नावं एकोणीस.

मग सीताबर्डीवरचे एक दुकानदार प्राचार्यांना भेटायला आले. चहा झाला, दार लागलं. त्यांच्या दुकानात तशाच डब्या विकायला होत्या हे आम्हाला आधीच ठाऊक होतं. बाईंचीच जोडणी, फक्त आत काळी लाख ओतून बंद केलेली, म्हणजे कोणाला काही दिसू नये. बाईंना त्याचं काही वाटलं नव्हतं. "विकू दे ना. डबी बनवाले हात लागते, त्याची मजुरी घेते तो." पण दुकानदारांना कागद फिरणं नको होतं. कागद मिळतो तिथे डबी कोण घेणार? त्यांनी कॉलेजला दोन नवी यंत्रं देऊ केली होती. बदल्यात हा प्रोग्राम आणि जोडणी ही कॉलेजची मालमत्ता आहे आणि ती फक्त त्यांच्या दुकानाला दिली आहे, असं लिहून हवं होतं.

प्राचार्यांनी मला बोलावलं आणि पत्र सांगितलं. मी ते टाइप केलं. हात थांबले, पण केलं. खाली बाईंच्या सहीची जागा सोडली.

बाई आल्या तेव्हा मी कोपऱ्यात शॉर्टहँडची वही घेऊन उभी होते. प्राचार्य वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी बाईंना बसायला सांगितलं. म्हणाले, "बाई, यंत्रं आपल्या मुलींनाच मिळणार आहेत. तुम्ही फक्त कागद वाटणं थांबवा आणि इथे सही करा. तुम्हाला कायम करण्याची फाइल माझ्याकडेच आहे, हे तुम्हाला माहीत आहे."

आठ वर्षं बाई तात्पुरत्या होत्या. दर जूनमध्ये नवा आदेश, दर एप्रिलमध्ये धाकधूक.

बाईंनी पत्र दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "सर, कृपया मला एक सांगावं."

मी वहीत मान घातली.

"या कागदावर माझ्यासह वीस जणांचं काम आहे. मी सही केली तर त्या एकोणीस जणांचं मी परस्पर देऊन टाकलं, असं होईल. त्यांनी विश्वासानं पाठवलं होतं. जे माझं एकटीचं नाही ते मी देऊ कशी?"

"मग काय, एकोणीस जणांना मी पत्रं लिहू?"

"पोस्टकार्डं मी आणून देते, सर. सर्वांचे पत्ते आहेत. सगळ्यांनी हो म्हटलं तर माझी हरकत राहणार नाही."

प्राचार्यांनी पत्र पुन्हा बाईंपुढे सरकवलं. मग म्हणाले, "विचार करा. घाई नाही."

"विचार झाला आहे," बाई म्हणाल्या, आणि पत्र त्यांच्याकडे सरकवून उठल्या. त्याच दुपारी त्यांनी आपलं उत्तर मला तोंडी सांगितलं आणि मी ते त्याच मशीनवर टाइप केलं. सोबत एकोणीस नावांची यादी जोडली. पहिलं पत्र टाइप केल्याबद्दल त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "तुह्या नोकरीले धक्का नाही लागला पाह्यजे. तुले कोणी विचारलं तं सांग, बाईनं सांगितलं, मी टाइप केलं."

आठवड्यानं कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडून काढून घेतली. त्यांना रसायनशास्त्राच्या भांडारात बसवलं, परीक्षानळ्या मोजून द्यायला. कायम करण्याची फाइल गठ्ठ्याच्या तळाशी गेली. त्यांच्या मागून लागलेल्या दोघी त्या वर्षी कायम झाल्या. घरी भाऊ रागावला. त्याचा छोटा टेपही या भानगडीत बिघडला होता.

किल्ली दिली त्या दिवशी मी डबा घेऊन भांडारात गेले. बाई नळाखाली हात धूत होत्या. बराच वेळ धूत होत्या.

"मले वाटलं होतं मले काही वाटणार नाही," त्या म्हणाल्या. "पण वाटून राहिलं वं."

मी डबा उघडला. आम्ही जेवलो.

दोन नवी यंत्रं आली नाहीत. दुकानदारांना सही हवी होती, ती मिळाली नाही. आणि कागद काही थांबला नाही. कॉलेजातून बंद झाला तर उमरेडच्या मास्तरांनी स्वतःच्या शाळेत स्टेन्सिल कापलं. मग भंडाऱ्यात कोणी कापलं. एकदा चंद्रपूरहून बाईंना पोस्टानं एक जाड लिफाफा आला. आत त्यांचाच कागद, पाच पानी झालेला, तक्त्यात न ऐकलेले टेप, खाली पस्तीसेक नावं. पाठवणाऱ्यानं लिहिलं होतं, आपणास उपयोगी पडेल म्हणून पाठवीत आहे. हा कागद कोणी सुरू केला हे त्याला ठाऊकच नव्हतं. वर्ध्याच्या बाईंच्या यादीत रामटेके बाईंचा पत्ता मिळाला, एवढंच. बाईंनी तो कागद भांडाराच्या खिडकीपाशी उभ्यानं वाचला. तिसऱ्या पानावर एक चूक सापडली. लगेच पोस्टकार्ड लिहायला बसल्या.

पुढच्या मे महिन्यात दुकानदारांचा माणूस पिशवीभर डब्या घेऊन भांडाराच्या दारात उभा राहिला. लाखेनं बंद केलेल्या डब्या नागपूरच्या उन्हात आतल्या आत तापत होत्या, जोड सुटत होते, आणि लाख फोडल्याशिवाय ते दिसत नव्हते. गिऱ्हाइकं दुकानात येऊन भांडत होती. माणूस खाली मान घालून म्हणाला, "बाई, शेठनं पाठवलं. होईल का काही?"

मी तिथेच होते. मला वाटलं, आता बाई "कृपया" म्हणतील.

बाईंनी भांडारातला स्पिरिटचा दिवा पेटवला, जुनी सुरी तापवली आणि पहिल्या डबीची लाख कापून काढली. दुसरी त्याला दाखवत दाखवत केली. तिसरी त्याच्या पुढ्यात ठेवली. "आता तू कर. हात नको कापवू गा, सुरी गरम आहे, तू गरम नको होऊ." तो माणूस दुपारभर बसला. जाताना बाईंनी त्याला कागदाची एक प्रत दिली आणि सांगितलं, "शेठले सांगजो, लाख नको ओतू म्हणा. हवा लागू दे."

तो गेल्यावर मी चिडले. "काहून केलं बाई तुम्ही? त्याच्यामुळे तुमची फाइल गेली."

"डब्या त्याच्या आहेत," बाई म्हणाल्या. "पण घेणारे लोकं तर त्याचे नाहीत ना. कुठंतरी पोरी यंत्र झाकून बसल्या असतील."

तीन वर्षांनी प्राचार्य निवृत्त झाले. नवे आले, त्यांनी जुन्या फायली काढल्या. एकोणीस नावांचं ते उत्तर वाचून त्यांनी मला विचारलं, "या बाई अजून आहेत का?" मी म्हटलं, "आहेत, भांडारात." महिन्याभरात बाई कायम झाल्या. पेढे वाटले, दोन दिवस साड्यांना जरा जास्त खळ दिली. पण कॉम्प्युटरच्या खोलीत तोवर नवी यंत्रं होती, त्यांना पातळ चौकोनी फ्लॉपी लागत, कॅसेट नको. बाईंच्या कागदाचं काम संपलं होतं. पोस्टकार्डं येणं थांबलं. शेवटचं एक आलं, त्यात विचारलं होतं की आता या डबीचे काय करावे. बाईंनी उत्तर दिलं: आतले भाग रेडिओला वापरावेत, डबीत साबण ठेवावा.

मला हळहळ वाटायची, त्यांना नाही. नवी यंत्रं शिकायला त्या आपल्याच विद्यार्थिनीच्या वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसत होत्या. ती मुलगी म्हणजे जिनं चार ओळी कमी केल्या होत्या तीच. आता ती शिकवत होती. बाई हात वर करून प्रश्न विचारत, आणि मुलगी लाजत उत्तर देई.

पुढे माझ्या यजमानांची बदली झाली आणि आम्ही अकोल्याला गेलो. दिवाळीला पत्रं जात-येत, मग तीही विरळ झाली. बाई गेल्याचं मला फार उशिरा कळलं, त्यांच्या भावाच्या चार ओळींच्या पत्रातून. कसल्या आजारानं हे त्यात नव्हतं, आणि मी विचारलं नाही.

नागपूर सोडायच्या आदल्या आठवड्यात मी त्यांना भेटायला हुडकेश्वरला गेले होते. तिथे त्यांनी दोन खोल्यांचं घर बांधलं होतं. तेव्हा तिकडे मोकळी रानं होती आणि कच्चा रस्ता. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "बाई मोपेड शिकून राहिल्या. येतीलच." मी रस्त्याच्या कडेला बाभळीच्या सावलीत उभी राहिले. थोड्या वेळानं लांबून धूळ उठली. बाई येत होत्या. साडीचा काचा मारलेला, कोपरं ताठ, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. मागून भावाची मुलगी धावत होती, तिनं मोपेड केव्हाच सोडून दिली होती आणि बाईंना ते माहीत नव्हतं. मी हात हलवला, हाक मारली. बाईंनी मला पाहिलं. सगळा चेहरा हसला. पण मोपेड थांबली नाही, थांबवायचं अजून शिकायचं राहिलं होतं.

"शोभा!" माझ्या समोरून जाताना त्या ओरडल्या, "हात सोडता येत नाही वं मले!"

आणि त्या पुढे निघून गेल्या.